शेतीसंरक्षणाची बंदूक : पैसे कशावर घालावेत, हात कशाला लावू नये

सिंधुदुर्ग : भात पसवायला लागले की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. काजू-नारळाच्या बागेत माकडांचा उपद्रव बारा महिने असतोच. त्यामुळे सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, कणकवली या भागांत बऱ्याच घरांत वडिलोपार्जित शेतीसंरक्षण बंदूक आहे. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे बारा बोअरची सिंगल किंवा डबल बार.

बंदूक आहे, परवाना आहे, पण वेळेला बार उडत नाही, ही तक्रार दर हंगामात कानावर येते. मग कोणी सांगतो नवीन नळी बसवून घे, कोणी सांगतो पंप अॅक्शन घे, कोणी गावातल्याच कारागिराकडून काहीतरी करून आणतो. यातले काय उपयोगाचे, काय पैशांची नासाडी आणि काय थेट तुरुंगात नेणारे, हे परवानाधारकांनी समजून घेतले पाहिजे. थोडक्यात सांगायचे तर शंभरातल्या बहुतेक तक्रारी बंदुकीच्या नसतातच. त्या ओल्या काडतुसाच्या आणि न पुसलेल्या नळीच्या असतात.

आधी परवाना काय सांगतो ते वाचा

शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्यातल्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितलेला आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. त्यामुळे ज्याच्या परवान्यावर ठासणीची बंदूक लिहिली आहे, त्याने काडतुसाची बंदूक बाळगली तर ती विनापरवाना धरली जाते.

इथेच एक मोठी चूक होते. ठासणीच्या जुन्या बंदुकीला मागून फोडून काडतूस बसेल असे करून देणारे कारागीर पूर्वी गावोगाव होते, अजूनही कुठे कुठे आहेत. काम स्वस्तात होते, पण हे रूपांतर बेकायदा आहे. नळी कापून आखूड करणेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. करून देणारा आणि करून घेणारा, दोघेही अडकतात. शिवाय काळ्या दारूसाठी बनवलेली नळी काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा दाब सोसत नाही. फुटली तर डावा हात आणि चेहरा जातो.

सुट्या भागांबद्दलही कायदा स्पष्ट आहे. शस्त्राचा सुटा भाग हे कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच आहे. म्हणजे मॅगझीन, नळी, चापाचा संच हे 'नुसते स्पेअर' नाहीत. आवाज किंवा ठिणगी कमी करणारी नळीच्या तोंडावरची वस्तू, म्हणजे सायलेन्सर, तीही व्याख्येप्रमाणे शस्त्रच. त्यामुळे असे भाग मोबाईलवर जाहिरात पाहून मागवू नयेत. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच, परवाना दाखवून, पावतीसह घ्यावेत. दुरुस्तीही त्याच्याकडेच. पावती जपून ठेवावी, तपासणीत तीच उपयोगी पडते.

काडतूस : खरा खर्च इथे करा

बंदुकीवर खर्च करायला पाच हजार रुपये असतील तर त्यातले पहिले चांगल्या, ताज्या काडतुसांवर घालावेत. आपल्याकडे चालणारी 'शक्तिमान' बारा बोअर काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनतात. हा कारखाना १८६९ चा आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. माल चांगला असतो. पण दुकानातून घरी आल्यावर कोकणातला पाऊस त्याची परीक्षा घेतो.

जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते. कागदी कवचाचे जुने काडतूस ओल धरून फुगते. मग ते नळीत जात नाही, गेलेच तर बार उडाल्यावर बाहेर येत नाही. प्लास्टिक कवच फुगत नाही, पण बुडाच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि मधली टोपी मऊ पडते. कळंक चढलेले, फुगलेले, तोंड उघडलेले काडतूस वापरू नये आणि ते फेकूनही देऊ नये, विक्रेत्याला विचारून परत करावे. मुलांच्या हाती लागले तर अनर्थ होतो.

साठवण साधी आहे. घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, डब्यावर खरेदीची तारीख. आधी घेतलेले आधी वापरायचे. चुलीवरच्या माळ्यावर 'कोरडे राहील' म्हणून काडतुसे ठेवायची जुनी सवय आहे, ती मोडावी. उष्णतेने दारू खराब होते आणि आग लागली तर घर जाते. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, चाव्या एकाच माणसाकडे.

शेजाऱ्याला दोन काडतुसे उसनी देणे ही आपल्याकडची माणुसकी झाली, पण कायद्यात तो गुन्हा आहे. परवान्यावर किती काडतुसे बाळगता येतील ते लिहिलेले असते. तेवढीच ठेवावीत आणि वापराचा हिशेब वहीत मांडावा.

पाच मिलीमीटरचा धोका

बारा बोअर म्हणजे काय? त्या नळीत चपखल बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा बोअर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलीमीटर. म्हणजे बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. वीस बोअर बारा बोअरपेक्षा बारीक असते.

काडतुसाच्या लांबीत मात्र फसगत होते. जुन्या बऱ्याच बंदुका ६५ मिलीमीटरच्या काडतुसासाठी आहेत, आताची काडतुसे बहुधा ७० मिलीमीटरची असतात. हा आकडा बार उडून तोंड पूर्ण उघडल्यावरच्या लांबीचा असतो. न उडवलेले ७० चे काडतूस दुमडलेले असल्याने ६५ च्या नळीत आरामात बसते. बसले म्हणजे चालते असे वाटते. पण बार उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. एकदा, दोनदा, दहादा काही होत नाही. अकराव्यांदा नळीला तडा जातो. नळीच्या बुडाला लांबीचा आकडा कोरलेला असतो. तो पुसला असेल तर विक्रेत्याकडून मापून घ्यावा. आजोबांच्या वेळची, नळीवर वेलबुट्टीसारख्या रेषा दिसणारी बंदूक असेल तर जाणकाराने तपासल्याशिवाय आताचे काडतूस घालूच नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. घरात बारा आणि वीस बोअरची काडतुसे एकाच डब्यात ठेवू नयेत. वीसचे काडतूस बाराच्या नळीत पुढे घसरून अडकते. बार उडाला नाही म्हणून माणूस मागून बाराचे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. नळी फुटते. असे अपघात जगभर झालेले आहेत.

ठासणीच्या बंदुकीसाठी फुकटातली सुधारणा

ठासणीची बंदूक असेल तर सगळ्यात उपयोगी सुधारणेला एक पैसाही लागत नाही. नळी रिकामी असल्याची खात्री करून ठासणीची दांडी आत सोडायची आणि नळीच्या तोंडाशी दांडीवर खूण करायची. ही 'रिकामी'ची खूण. नेहमीचे माप भरल्यावर दुसरी खूण, ती 'भरलेली'ची. पुढच्या वेळी दांडी टाकली की आत काय आहे ते कळते. अंधारात, घाईत, भरलेल्या नळीवर पुन्हा भरण्याने होणारे अपघात यामुळे टळतात.

दारू फक्त काळीच. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालणे म्हणजे मरण ओढवून घेणे आहे. वापरून झाल्यावर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुवावी, कोरडी करावी, तेलाचा हात द्यावा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, सकाळपर्यंत नळी तांबूस होते.

मॅगझीन असलेली हत्यारे

व्यापारी, बागायतदार, बँकेचे पहारेकरी अशा काहींकडे मॅगझीनवाली हत्यारे असतात. पंप अॅक्शन बारा बोअर, ३१५ बोअरची रायफल किंवा ३२ बोअरचे पिस्तूल. हत्यार अडकण्याच्या तक्रारी यांच्यात जास्त येतात आणि दोष बहुधा मॅगझीनचा निघतो.

पेटीसारख्या मॅगझीनमध्ये चार गोष्टी बघायच्या. एक, वरच्या कडा. त्या दोन्ही बाजूंना सारख्या वळलेल्या हव्यात. मॅगझीन दगडावर पडले की त्या वाकतात आणि काडतूस तिरके चढते. दोन, आतली स्प्रिंग. ती मऊ पडली की शेवटची काडतुसे वर येत नाहीत. तीन, स्प्रिंगवरची पट्टी अडकल्याशिवाय वरखाली व्हायला हवी. चार, मॅगझीन हत्यारात खट्ट आवाज होऊन बसले पाहिजे, हलता कामा नये. कडा वाकली असेल तर पक्कड घेऊन सरळ करायच्या भानगडीत पडू नये. ते मॅगझीन बाजूला काढावे आणि विक्रेत्यामार्फत त्याच बनावटीचे मूळ मॅगझीन घ्यावे. 'तसेच दिसणारे' स्वस्तातले घेऊ नये. दोन मॅगझीन असतील तर त्यांवर १ आणि २ अशी रंगाने खूण करावी, म्हणजे कोणते अडते ते कळते.

मॅगझीनच्या आत तेल ओतू नये. कोरड्या कापडाने पुसायचे, इतकेच. तेल झिरपून काडतुसाच्या टोपीत गेले तर बार फुकट जातो. तेलावर धूळ बसली की चिखल होतो तो वेगळाच.

पंप अॅक्शनमध्ये नळीखाली दुसरी नळी असते, तेच मॅगझीन. त्यात वाळू आणि पालापाचोळ्याचे कण जातात. दर हंगामाआधी टोपण उघडून स्प्रिंग पुसून घ्यावी. पण स्प्रिंग दाबलेली असते, ती तोंडावर उडते. पहिल्यांदा विक्रेत्याकडून शिकून घ्यावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मॅगझीन काढले तरी हत्यार रिकामे होत नाही. एक काडतूस नळीत राहिलेले असू शकते. पंप अॅक्शनमध्ये उलटेही होते. नळी रिकामी दिसते, पण खाली मॅगझीनमध्ये काडतूस असते आणि पंप ओढला की ते वर येते. दोन्हीकडे डोळ्यांनी पाहावे आणि बोट घालून चाचपावे, मगच रिकामे म्हणावे.

चाप दाबून ठेवला की मॅगझीन संपेपर्यंत आपोआप झडत राहणारे हत्यार प्रतिबंधित आहे. दर चापाला एक गोळी झाडून पुढचे काडतूस आपोआप भरणारी अर्धस्वयंचलित लांब बंदूकही प्रतिबंधित प्रवर्गातच मोडते. म्हणून 'जलद चालेल' असे काही करून देतो म्हणणाऱ्यापासून दोन हात दूर राहावे.

कोणत्या सुधारणा परवडतात

खांद्याचा पट्टा ही पहिली. बांध, व्हाळ, गडगा ओलांडताना दोन्ही हात मोकळे राहतात. पण गडगा चढायचा असेल तर आधी बंदूक रिकामी करायची, पट्टा आहे म्हणून भरलेली पाठीवर टाकायची नाही.

दस्त्याला मागे रबरी पॅड ही दुसरी. बारा बोअरचा धक्का खांद्याला लागतो, मग माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि नेम चुकतो. पॅडने तो धक्का कमी होतो. फक्त पॅड फार जाड नको, नाहीतर दस्ता लांब होऊन बंदूक खांद्याला नीट लागत नाही.

नळीच्या टोकावरच्या मण्याला पांढरा रंग ही तिसरी, दहा रुपयांतली. तिन्हीसांजेला त्याचा फरक कळतो.

बॅटरीबाबत मात्र विचार हवा. बंदुकीलाच बॅटरी बांधली की जिथे बघायचे तिथे नळी रोखली जाते. झुडपात हलले ते डुक्कर की शेजारचा राखणीला आलेला माणूस, हे बघण्यासाठीसुद्धा बंदूक रोखावी लागते. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. त्यापेक्षा कपाळाची बॅटरी किंवा सोबत्याच्या हातातली बॅटरी बरी. आधी उजेड, मग ओळख, मग बंदूक. आणि सड्यावर, कातळावर छर्रे उसळतात. मागे मातीचा बांध किंवा चढ असल्याशिवाय बार काढू नये.

बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडू नये. नळी मोकळ्या जमिनीकडे धरून अर्धा मिनिट थांबावे. कधी कधी टोपी उशिरा पेटते. उडाला पण आवाज नेहमीपेक्षा बारीक, 'फुस्स' असा आला, तर पुढचा बार काढण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघावे. आत बुच्चा अडकलेला असू शकतो.

तेलाचेही तसेच. खोबरेल घरात असते म्हणून तेच लावतात. थंडीत ते गोठते, नंतर चिकट होऊन घोडा जड चालतो. शिलाई मशीनचे पातळ तेल चांगले. बंदूक चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नये, चामडे ओल धरते.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक

२०२४ मध्ये शेतकऱ्यांना याचा दोनदा अनुभव आला. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, तेव्हा काजूचा हंगाम होता. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भातकापणी. नेमक्या राखणीच्या दिवसांत बंदुका पोलीस ठाण्यात. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यातली छाननी समिती परवान्यांचा आढावा घेऊन कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवते. म्हणून ज्याच्यावर गुन्हा नाही आणि पिकाचे नुकसान चालू आहे, त्याने सातबारा, नुकसानीचे पंचनामे आणि परवान्याची प्रत जोडून वेळेत लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगून काही होत नाही. मात्र आदेश हाती पडला तर बंदूक मुदतीत जमा करायचीच.

जमा करण्याआधी बंदूक रिकामी, कोरडी करून तेल लावावे. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर आहे का ते तिथेच बघावे. परत मिळाल्यावर घरी नेऊन तशीच भरू नये. नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. बंद पडून राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. त्या मातीवर बार उडाला की नळी फाटते.

बंदूक आहे म्हणून मारता येत नाही

बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारायची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी. गवा, बिबट्या, मोर, हत्ती हे अनुसूची एकमधले, त्यांच्याकडे बंदूक रोखायचा विचारही नको. त्यांच्यासाठी भरपाईचा अर्ज हाच मार्ग. परवानगीने मारलेले डुक्करही सरकारी मालमत्ता ठरते, त्याचे वाटे घालता येत नाहीत.

माकडांसाठी छर्ऱ्याची एअरगन घेणारे बरेच आहेत. २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीची एअरगन असेल तर तिलाही परवाना लागतो. लग्नात, गणपतीत, क्रिकेट जिंकल्यावर हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदपत्रे

परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे. संपायच्या किमान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा. परवान्यावर यूआयएन क्रमांक आहे का ते बघावे, नसेल तर ताबडतोब विचारणा करावी. एका माणसाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रे ठेवता येतात.

वडील वारले आणि बंदूक घरात तशीच राहिली, हे फार ठिकाणी दिसते. परवाना माणसाबरोबर संपतो. त्यामुळे बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, मग वारसाने अर्ज करावा. त्याहून चांगले म्हणजे वडील हयात असतानाच हलवणे. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारस २१ वर्षांचा पूर्ण असला पाहिजे आणि नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो.

भात पसवण्याआधी, म्हणजे श्रावणातच, परवानाधारकांनी एवढे करून ठेवावे : नळी आरपार बघून पुसणे, काडतुसे निवडून कळंक चढलेली बाजूला काढणे, परवान्याची तारीख बघणे, वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पोच घेणे. यात अर्धा दिवस जातो आणि खर्च तेलाच्या बाटलीचा.